फरशीच्या फटीतले तण: हीट गन, उकळते पाणी, गॅस टॉर्च की खुरपे?

पेव्हर ब्लॉकचे सांधे, शहाबादी फरशीच्या फटी, कंपाउंडच्या भिंतीचा पाया. औषध न मारता इथले तण घालवायचे तर चार मार्ग आहेत: विजेवरची गरम हवा, उकळते पाणी, गॅसची ज्योत आणि खुरपे. चारही चालतात, पण सगळीकडे सारखे चालत नाहीत. दुकानदार विचारत नाही तो प्रश्न आधी स्वतःला विचारा: तुमचे तण फरशीत आहे की मातीत? मातीत, म्हणजे वाफ्यात किंवा कुंडीत असेल, तर गरम हवेचे अवजार घेऊ नका. खुरपे घ्या, पैसे वाचतील. खालची तुलना मुख्यतः फरशी, पेव्हर आणि खडीच्या जागेसाठी आहे.

लांब दांड्याची, २००० वॅटची विजेवरची तणयंत्रे युरोपात रुळली त्याला कारण आहे. जर्मनीत फरसबंद जागेवर परवानगीशिवाय तणनाशक मारता येत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१९ पासून घरगुती बागेसाठी रासायनिक तणनाशके विकायला आणि वापरायला बंदी आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली, त्यामुळे बंगलेवाल्यांनाही हा प्रश्न पडू लागला. मात्र ती यंत्रे तिकडच्या रिमझिमत्या, थंड हवेसाठी बनलेली आहेत. आपला पाऊस वेगळा आणि आपले तणही वेगळे.

उष्णतेने तण मरते कसे

पान जाळायचे नसते. पानातल्या पेशींचे तापमान काही क्षण ६०-७० अंशांच्या वर गेले की पेशींची आवरणे फुटतात आणि आतले पाणी बाहेर येते. झाड त्या वेळी हिरवेच दिसते, पण उन्हात काही तासांत लोळते आणि दुसऱ्या दिवशी सुकते. नवखा माणूस पान काळे होईपर्यंत नळी धरून ठेवतो, आणि त्यात वेळ व वीज दोन्ही तिपटीने जातात. पुरेशी उष्णता लागली का हे बघायची सोपी खूण आहे: पान गार झाल्यावर अंगठा आणि तर्जनीत हलके दाबा. बोटाचा गडद, ओलसर ठसा उमटला तर काम झाले. ठसा नाही उमटला तर आणखी दोन सेकंद द्या.

मुळांपर्यंत मात्र ही उष्णता जात नाही. माती उष्णता फार हळू पुढे नेते, त्यामुळे काही सेकंदांच्या गरम हवेने वरचा अगदी पातळ थरच तापतो. म्हणून निकाल अवजारावर कमी आणि तणाच्या जातीवर जास्त ठरतो.

एकदांडी, कुर्डू, टाकळा, दुधी, माठ, आघाडा यांची रोपे दोन ते चार पानांवर असताना एका फेरीत जातात, कारण त्यांचा वाढीचा कोंब जमिनीच्या वर, उघडा असतो. तीच रोपे वीतभर झाली की खोड तगते आणि खालून फुटवे येतात. गवताचे उलट असते: त्याचा कोंब जमिनीलगत, पात्यांच्या वेढ्यात दडलेला असतो. वरचे पाते करपते आणि आठवड्यात नवे पाते येते. हरळीला जमिनीखाली धावते खोड आणि लव्हाळ्याला गाठी असतात. पेव्हरखालच्या वाळूच्या थरात लव्हाळ्याची गाठ असेल तर वरून कितीही गरम हवा मारा, तिला पत्ता लागत नाही. अशा तणाला दर दोन-तीन आठवड्यांनी, नवे पाते दोन बोटे वर येताच पुन्हा पुन्हा करपवून थकवावे लागते. एका हंगामात चार-सहा फेऱ्या धरा. तेवढा धीर नसेल तर उष्णतेचा नाद सोडा.

घोळ ही वेगळीच जात. पाने आणि खोड पाण्याने भरलेले, त्यामुळे तापायला वेळ लागतो, आणि अर्धवट भाजलेला तुकडाही ओल्या जागी पुन्हा मूळ धरतो. घोळ उपटून काढा, कोवळी असेल तर भाजी करा.

हीट गन आणि दांड्याचे यंत्र

दोन्हींच्या आत तेच असते: अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार आणि मागून हवा ढकलणारा पंखा. १८०० ते २००० वॅटची, ५५०-६०० अंशांपर्यंत जाणारी साधी हीट गन, जी रंग खरवडायला आणि श्रिंक ट्यूब बसवायला वापरतात, ती तणालाही चालते. हार्डवेअरच्या दुकानात ती हजार-दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत मिळते. दांड्याच्या यंत्राची किंमत कितीतरी जास्त, पण त्यात दोन गोष्टी मिळतात: उभ्याने काम होते, आणि खालच्या शंकूसारख्या टोपीत हवा कोंडून रोपाभोवती उष्णता टिकते. हीट गनने उकिडवे बसून तेच करायला जास्त सेकंद लागतात आणि गुडघे बोलू लागतात. शंभर चौरस फुटांचे पार्किंग असेल तर हीट गन पुरे. पाचशेच्या पुढे जागा असेल आणि पाठीचा त्रास असेल तर दांड्याच्या यंत्राचा विचार करा.

हीट गन वापरताना नळीचे तोंड रोपापासून दोन-तीन सेंटीमीटरवर, थोडे तिरके धरा. कोंबाच्या मध्यावर रोख ठेवून पाच ते आठ सेकंद द्या आणि पुढे सरका. जाण्या-येण्यासकट एका रोपाला दहा सेकंद धरले तर तासाला साडेतीनशेच्या आसपास रोपे होतात. त्या तासाला दोन युनिट वीज जाते. दहा रुपये युनिट धरले तर वीस रुपये. खर्चाचा मुद्दा तिथेच संपतो. खरा खर्च वेळेचा.

इथे एक हिशेब करून बघावा. ८ बाय ४ इंचाच्या पेव्हरने भरलेल्या १०० चौरस फुटांत सांध्यांची एकूण लांबी साडेचारशे फुटांच्या घरात जाते. सगळे सांधे भाजत बसणे शक्य नाही आणि गरजही नाही. रोप दिसेल तिथेच थांबायचे. जे लोक फरशीवरून सरसकट नळी फिरवतात त्यांचा एक तास जातो आणि तण तसेच राहते, कारण कुठल्याच रोपाला पुरते सेकंद मिळत नाहीत.

पानावर दव किंवा पावसाचे थेंब असतील तर आधी ते पाणी उडवण्यात उष्णता जाते. सकाळी दहा-अकराच्या पुढे, पाने कोरडी झाल्यावर काम करा. वारा असेल तर गरम हवा रोपापर्यंत पोचतच नाही.

वायर, प्लग आणि ब्रेकर

या अवजारात बिघाड बहुतेक वायरीपाशी होतो. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. ६ अँपिअरच्या बोर्डात लावले तर प्लगची पिन तापते, मग सॉकेट पिवळे पडते, मग जळते. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. एक्स्टेंशन तांब्याचे, निदान दीड चौरस मिलिमीटरचे घ्या. २५ मीटरच्या अशा वायरीत सहा व्होल्टच्या आसपास पडतात आणि ५० वॅट उष्णता वायरीतच निघते. पाऊण चौरस मिलिमीटरची स्वस्त वायर लावली तर हा आकडा शंभर वॅटच्या घरात जातो. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते, रिळावर गुंडाळलेली असेल तर आतले वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. म्हणून रीळ पूर्ण उलगडा, काम पाच मिनिटांचे असले तरी.

बहुतेक हीट गनना दुहेरी इन्सुलेशन असते आणि वायरीत दोनच तारा असतात, म्हणजे अर्थिंगचा आधार नाही. ओल्या अंगणात माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर. तो नसेल तर हे अवजार घराबाहेर वापरू नका. नेहमीचा एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही.

इन्व्हर्टरवर हे चालत नाही. ८००-९०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरला हा भार दुपटीहून जास्त आहे. ज्या फार्महाऊसवर दिवसा वीज जाते तिथे हे घेऊन जाणे फुकट.

काम झाल्यावर लगेच बटण बंद करू नका. सर्वांत कमी तापमानावर दोन मिनिटे पंखा चालू ठेवा, नाहीतर आतल्या तारेची उष्णता पंख्याच्या प्लॅस्टिकवर उलटते. हवा आत घेणाऱ्या मागच्या जाळ्या फरशीवरची धूळ ओढतात. त्या तुंबल्या की हवा कमी पडते आणि तार जळते. जुन्या रंगाच्या ब्रशने दर वेळी झटका. गरम तोंड मातीत टेकवून ठेवणे हीसुद्धा गन मारायची खात्रीची पद्धत.

उकळते पाणी

आपल्या पावसाळ्याचा हिशेब धरला तर चौघांत सर्वांत कमी लेखला गेलेला मार्ग हाच. तण जोमात येते ते जून-जुलैत, आणि नेमके तेव्हाच विजेचे अवजार अंगणात नेणे धोक्याचे. उकळत्या पाण्याला ओल्या पानाची अडचण नाही. शिवाय पाणी फटीत उतरते, म्हणून कोवळ्या गवताच्या दडलेल्या कोंबापर्यंत ते गरम हवेपेक्षा चांगले पोचते.

दीड लिटरची, १५०० वॅटची केटली सहा मिनिटांत उकळते आणि सुमारे ०.१५ युनिट घेते. एका लिटरात सांध्याचे दोन-तीन फूट नीट भिजतात, म्हणजे तासाभरात दहा केटल्या आणि चाळीसेक फूट. विजेचा खर्च हीट गनच्या जवळपास येतो, फेऱ्या मात्र अनेक. तोटीची केटली हवी. पातेल्यातून ओतले तर अर्धे पाणी भलतीकडे जाते. उकळल्यावर मिनिटाच्या आत ओता. गिझरचे पाणी ६० अंशांच्या आसपास असते आणि फटीत जाईपर्यंत आणखी निवते, त्याने तणाला फारसे काही होत नाही.

पाय सांभाळा. बंद बूट घाला आणि पँटचा पाय गमबुटाच्या आत खोचू नका, बाहेर ठेवा. बुटात शिरलेले उकळते पाणी पटकन काढता येत नाही. जास्वंद, मोगरा, कढीपत्त्याच्या बुंध्यापासून हातभर लांब राहा, कारण त्यांची बारीक मुळेही भाजतात.

गॅस टॉर्च

वेग हवा असेल तर ज्योतीला तोड नाही. एका रोपाला एक-दोन सेकंद पुरतात आणि वायर ओढायची नसते. छोट्या ब्युटेन डब्यावरचा टॉर्च घरापुरता चालतो. मोठा टॉर्च घरगुती लाल सिलिंडरला जोडू नका: तो सिलिंडर स्वयंपाकाशिवाय वापरणे नियमात बसत नाही, आणि घरगुती रेग्युलेटरचा दाबही मोठ्या टॉर्चला पुरत नाही. मग लोक रेग्युलेटरशी खेळतात, तिथून अपघाताची सुरुवात.

माघ-फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत टॉर्च बाहेर काढूच नका. वाळलेला पाला, आंब्याचा मोहोर, नारळाच्या झावळ्या, कुंपणाची मेंदी यांना ठिणगी पुरते. हीट गनही यातून सुटत नाही. ६०० अंशांची हवा वाळले गवत पेटवते आणि पंखा ते पेटते तुकडे पुढे उडवतो. दोन्हींच्या वेळी आधी झाडून घ्या आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. हीट गनला आग लागली तर मात्र आधी प्लग काढा, पाणी नंतर.

फरशीचेही बघा. ओल्या काँक्रीटवर किंवा ग्रॅनाइटवर ज्योत रेंगाळली की वरचे कवच टिचते. कोकणातला जांभा पाणी धरून असतो, त्यावर ज्योत नकोच. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी आणि पीव्हीसी पाइप तर हीट गननेही वितळतात किंवा वाकतात, आधी बाजूला करा.

व्हिनेगर आणि मिठाबद्दल थोडक्यात: शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लाने त्यांची झळाळी जाते. मीठ मातीत राहते आणि शेजारचे झाड मारते. दोन्ही नकोत.

खुरपे

वाफ्यात, कुंडीत, लव्हाळ्यात आणि गाजर गवतात खुरप्याला पर्याय नाही. पाऊस पडून गेल्यावर माती भुसभुशीत असताना लव्हाळा गाठीसकट काढा, वीतभर खोल जावे लागते. गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून, कारण त्याने अंगावर पुरळ उठते. पेव्हरच्या सांध्यात मात्र खुरपे वाळू उकरते, आणि मोकळ्या फटीत पुढचे बी आणखी सुखाने रुजते. तिथे जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा बरा, आणि काम झाल्यावर सांध्यात बारीक कोरडी वाळू झाडून भरा.

घ्यायचे काय

लहान अंगण आणि जवळ स्वयंपाकघर: केटली, वर एक पैसा नको. शंभर ते पाचशे चौरस फूट पेव्हर, जवळ १६ अँपिअरचा पॉइंट आणि आरसीसीबी: हीट गन, पण पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हाच. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी कोरडा दिवस आला की रोपे दोन-चार पानांवर असतात, वर्षातली सर्वांत फायद्याची फेरी ती. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बी धरण्यापूर्वी. सोसायटीचा मोठा ड्राइव्हवे असेल तर टॉर्च आणि तो वापरणारा जाणता माणूस. हरळी-लव्हाळ्यानेच जागा भरली असेल तर पेव्हर उचलून गाठी काढणे आणि वाळूचा थर बदलणे हेच शेवटी स्वस्त पडते.

भिंतीच्या फटीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर यातले काहीच लावू नका. वरून भाजले की तो आत मूळ जाड करत राहतो. करंगळीएवढा व्हायच्या आत आजूबाजूचा गिलावा फोडा, मूळ सबंध ओढून काढा आणि फट सिमेंट-वाळूने भरून घ्या.