थ्री-फेज पॅनेलमधला २४ व्होल्टचा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय), सहा महिने वापरून

पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि सेन्सरसाठी २४ व्होल्ट १० अँपिअरचा डिन-रेलवाला (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर बसणारा) सप्लाय घेतला, मुद्दाम थ्री-फेज इनपुटचा, कारण पॅनेलमध्ये न्यूट्रल आलेलाच नाही आणि आधी कोणीतरी २३० व्होल्टवाला सप्लाय दोन फेजमध्ये जोडला होता, त्याला सरळ ४०० व्होल्ट बसले, झाकण उघडलं तर कपॅसिटर फुगून फुटलेला. ह्या नव्या सप्लायचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे एक फेज काढून बघितला तरी हिरवा दिवा तसाच आणि मीटरवर २४.१, अर्थात लोड तेव्हा निम्माच होता.

सुरुवातीला चालू करताना एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा, सप्लाय खराब नव्हता, आतले कपॅसिटर चार्ज होताना क्षणभर खूप करंट ओढतात, बी कर्व्हचा एमसीबी काढून सी कर्व्हचा, म्हणजे असा क्षणिक झटका जास्त सहन करणारा, टाकला आणि त्रास संपला. टर्मिनल मात्र फारच जवळजवळ आहेत, फेरूल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावल्याशिवाय वायर घालूच नका, एक सुटी तार शेजारच्या फेजला लागली की संपलं. वर-खाली हवेला जागा सोडा, डीसीच्या वायरी मोटरच्या केबलपासून लांब न्या. डीसीचा मायनस अर्थिंगला जोडायचा तर एकाच जागी. आणि हात घालायच्या आधी मेन बंद करून तिन्ही फेज मीटरने तपासा, प्लीज.