झाडांतलं गोल्फ की डोंगरावरचं? कोल्हापूरहून पुण्याला खेळायला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूरहून गोल्फची बॅग घेऊन सहलीला निघायचं म्हटलं की गाडी बहुतेक वेळा पुण्याकडं वळते. तिथली 18 होलची दोन मैदानं एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाची आहेत. एक येरवड्यातलं पूना क्लबचं, सपाट, जुन्या झाडांच्या रांगांमधून जाणारं. गोल्फवाले ज्याला पार्कलँड म्हणतात ते. दुसरं बावधनच्या पलीकडं, लवळ्याच्या डोंगरावरचं ऑक्सफर्ड. एका सुट्टीत एकच होणार असेल तर कुठलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 18 च्या वर असेल आणि पायी चालायची तयारी असेल, तर झाडांतलं. बरोबर न खेळणारी मंडळी असतील, मुक्काम करायचा असेल, तर डोंगर. मात्र ‘डोंगर जास्त देखणा म्हणून तिकडं’ हे कारण मला अर्धंच पटतं.

देखणेपणाचंच आधी बघू. पावसाळा संपता संपता, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, डोंगरावरच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की चेंडू मारायचं भान राहत नाही. सगळ्या टेकड्या हिरव्या, खाली दरी, वर ढग. पण आपल्या देशावरच्या डोंगरांचं माहीतच आहे. जानेवारी उलटला की आजूबाजूचं गवत वाळतं आणि फेब्रुवारीत हिरवं म्हणावं असं फक्त पाणी मारलेलं फेअरवे (चेंडू खेळवायचा कापलेल्या गवताचा पट्टा) उरतं, बाकी सगळा खाकी मामला. झाडांच्या मैदानाला हा हंगाम लागत नाही. मोठ्या झाडांची सावली आणि त्यातून तिरकी येणारी उन्हं मार्चमध्येही असतात. एप्रिलच्या उन्हात तर सावली हाच देखावा.

आता खेळ. पार्कलँडची गंमत अशी की जे झाड फोटोत छान दिसतं तेच तुमच्या वाटेत उभं असतं. फेअरवेवरून दहा-पंधरा यार्ड भरकटलेला चेंडू उघड्या माळावर असता तर पुन्हा ग्रीनकडंच, म्हणजे खळगा असलेल्या हिरवळीकडंच, मारला असता. इथं तो बुंध्यामागं जातो. समोर दोन खोडांमधली फट दिसते आणि मोह होतो. अशा वेळी बॅग उचलणारा कॅडी बहुधा काही न बोलता पाच नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याची स्टिक) पुढं करतो. चेंडू मागच्या पायाजवळ घ्यायचा, हात पुढं, स्विंग कमरेपर्यंतच, आणि फांद्यांच्या खालून सरपटत फेअरवेवर काढायचा. ग्रीन विसरायचं. एक फटका जातो, पण पुढचे तीन वाचतात. ड्रायव्हरवर, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या स्टिकवर, जीव असलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. आपल्याकडची निम्मी मंडळी चेंडू किती लांब गेला यावरच चहाचं बिल ठरवतात, त्यांना तर फारच.

पण झाडं मदतही करतात. रांग असली की नेम कशावर धरायचा ते कळतं. वारा अडतो. पाय सपाट जमिनीवर असतात, त्यामुळं चेंडू वाकडा गेला तर तो का गेला हे तुम्हाला समजतं, आणि नवशिक्याला याचा उपयोग फार. सकाळच्या पहिल्या तुकडीत असाल तर सावलीतल्या ग्रीनवर दव टिकून असतं. पट, म्हणजे ग्रीनवरचा सरपटता फटका, मंद जातो, थोडा जोरात मारावा लागतो. पण त्या दवात आधीच्या खेळाडूच्या पटची रेघ उमटलेली असते. ती नीट बघितली की चेंडू कुठं वळला ते फुकटात वाचायला मिळतं.

डोंगरावर हा हिशेब पार बदलतो. टी उंचावर, ग्रीन खाली, किंवा उलटं. ढोबळ नियम असा की 30 फूट उतार असेल तर एक क्लब कमी, म्हणजे कमी लांब मारणारी स्टिक, घ्यायचा, तेवढाच चढ असेल तर एक जास्त. हे कागदावर सोपं. खरी गोची फेअरवेवर होते, कारण चेंडू पायांच्या पातळीत क्वचितच मिळतो. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडं ओढला जातो, खाली असेल तर उजवीकडं पळतो. ग्रीनवर तर डोळेच फसवतात. समोर चढ दिसतो आणि चेंडू उताराला लागल्यासारखा सुटतो, कारण आजूबाजूचा सगळा डोंगरच एका बाजूला कललेला असतो. अशा ठिकाणी आधी दरी कुठल्या बाजूला आहे ते बघावं आणि पट तिकडं थोडा ओढला जाणार हे धरून चालावं.

चेंडू हरवण्यातही फरक आहे. 2019 पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. झाडांत चेंडू बहुतेक वेळा सापडतो, फक्त खेळण्यालायक नसतो. मग एका फटक्याच्या दंडावर दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातानं सोडून तिथून खेळता येतो. डोंगरावर मात्र तो गेला म्हणजे गेलाच. तिथं खुंट्यांचा रंग बघायची सवय लावा. लाल असेल तर एक दंड घेऊन जवळच ड्रॉप. पांढरा असेल तर दंडही आणि परत जुन्या जागेवरून फटकाही. दरीकडं गेलेल्या चेंडूसाठी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं मोठ्यानं म्हणून दुसरा चेंडू तिथंच मारून ठेवला नाही, तर मागं चढून येताना सगळ्या ग्रुपचे शिव्याशाप खावे लागतात. डोंगरावर जाताना बॅगेत डझनभर चेंडू असू द्यात, तेही जुने.

चालणं हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. अठरा होल चालले की सात-आठ किलोमीटर सहज होतात, वेळ चार ते साडेचार तास. सपाटीवर हे ज्या कुणाला रंकाळ्याला रोज फेरी मारायची सवय आहे त्याला जड नाही. आणि चालण्यातच गोल्फची निम्मी मजा आहे. गप्पा होतात, मागच्या फटक्याचा राग पुढच्या फटक्यापर्यंत उतरतो. डोंगरावर गोल्फ कार्टशिवाय अठरा होल म्हणजे पन्हाळा चढून उतरून पुन्हा चढल्यासारखं. कार्टमध्ये बसलं की चौघांचे दोन-दोन होतात, आणि दुसऱ्या गाडीतल्या मित्राशी गाठ फक्त ग्रीनवर. गुडघे कुरकुरणाऱ्यांना मात्र कार्ट हीच सोय, त्यांनी डोंगराचा विचार जरूर करावा.

प्रवासाच्या बाबतीत डोंगर सरळ जिंकतो. कात्रजवरून बायपासला लागलं की नवले पुलाची गर्दी सोडली तर चांदणी चौकापर्यंत शहरात शिरायची गरजच नाही. येरवड्याला मात्र अख्खं पुणं ओलांडावं लागतं. यावर एक तोड आहे: महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री कोल्हापुरात जेवून बसायचं, पहाटे पुणे स्टेशन, तिथून येरवडा जवळ. पहिल्या टी टाइमला तुम्ही हजर. गाडीनंच जायचं असेल तर लक्षात ठेवा, गोल्फचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. पहाटे तीनला निघालं की कराडपर्यंत बिनदिव्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पुढ्यात येतात. ग्रीनवरच्या पटपेक्षा तिथं जास्त एकाग्रता लागते.

खर्चाचं एवढंच की ग्रीन फी, कॅडी, कार्ट आणि पाहुण्यांचे नियम आधी फोनवर विचारून घ्या. क्लबच्या मैदानावर ओळखीचा सदस्य असला तर गोष्टी सोप्या होतात. कॉलरचा टीशर्ट, मऊ स्पाइकचे शूज. कोल्हापुरी चप्पल गाडीतच राहू दे. आणि कॅडीला चांगली टीप द्या. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला त्यालाही कॅडी लागतोच, मग आपण कोण.

गोव्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यावर नऊ होलचं मैदान आहे, दोन-दोन टी ठेवून अठरा खेळायची सोय केलेली. पण ती समुद्राकाठची, उघड्या वाऱ्याची जात. कोल्हापूर आणि पुणं दोन्ही साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळं पुण्यात आपली अंतरं बदलत नाहीत. समुद्रसपाटीला सात नंबरचं आयर्न दोन-तीन यार्ड कमी जातं, आणि वरून वारा. बायकामुलांसह चार दिवस जाणार असाल तर ठीक. फक्त गोल्फसाठी मी जाणार नाही.

पुण्याचं ठरलं असेल तर दिवस मंगळवार ते गुरुवारमधला धरा. शनिवार-रविवारी सदस्यांची गर्दी आणि स्पर्धा असतात, आणि सोमवारी बरीच मैदानं देखभालीसाठी बंद ठेवतात.