गोचीड, पिसवा आणि कूलरची खोली : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे भुऱ्या नावाचा सहा वर्षांचा देशी कुत्रा आहे, वजन 17 किलो, आणि मनी नावाची मांजर आहे. घर नागपुरात मानेवाड्याच्या बाजूचे, जुने आणि बैठे. समोर अंगण, अंगणात कडुलिंब, आणि मार्च संपत आला की दोन खोल्यांच्या खिडक्यांना कूलर लागतात. गोचीड आणि पिसवा यांच्या बंदोबस्तासाठी यंदा 10 मार्चपासून भुऱ्याला फ्लुरालानेर हा घटक असलेली चघळायची गोळी सुरू केली. एका गोळीनंतर दुसरी बारा आठवड्यांनी, या हिशेबाने पुढच्या गोळ्या 2 जून आणि 25 ऑगस्टला दिल्या. आता ऑक्टोबर उजाडला आहे. गोळीने काय केले, काय केले नाही, आणि जे गोळीला करता येतच नाही ते आम्हाला घरात कसे करावे लागले, हे सविस्तर लिहीत आहे, कारण गेल्या वर्षी मला असे काही वाचायला मिळाले असते तर भुऱ्याचा आजार कदाचित टळला असता.

गेल्या वर्षी मे महिन्यात भुऱ्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. उन्हामुळे असेल, असे आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्ताचा थेंब आला आणि ओठ वर करून पाहिले तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या होत्या. रक्ततपासणीत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार खाली गेलेल्या निघाल्या आणि निदान झाले गोचिडीमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिसचे, ज्याला आपल्याकडे सगळे ‘टिक फिव्हर’ म्हणतात. (बॅबेसिया हा गोचिडीमुळेच होणारा दुसरा आजार, त्यात रोगजंतू तांबड्या पेशींत शिरतात आणि औषधही वेगळे लागते. म्हणून रक्त न तपासता अंदाजाने उपचार करू नयेत.) डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस, जेवणासोबत, एकही दिवस न चुकवता द्याव्या लागल्या. तो वाचला. त्या आधी आम्ही काहीच करत नव्हतो असेही नाही. मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब दर महिन्याला आणत होतो, पण हे औषध त्वचेवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरते आणि ते सोडण्याच्या दोन दिवस आधी व दोन दिवस नंतर आंघोळ घालायची नसते, ही गोष्ट मी लक्षातच घेतली नव्हती. नागपूरच्या उन्हाळ्यात भुऱ्याला आम्ही एक दिवसाआड नळाखाली धरत होतो. त्या थेंबांचा उपयोग झाला नाही, हा दोष औषधाचा नव्हता, माझा होता.

गोळी निवडण्याचे पहिले कारण हेच, की तिला पाण्याचे भय नाही. औषध पोटातून रक्तात जाते आणि चावणाऱ्या किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करते. डॉक्टरांनी वजन करूनच गोळी ठरवली. 10 ते 20 किलोच्या कुत्र्याला 500 मिलीग्रॅमची गोळी लागते. ती रिकाम्या पोटी देऊ नये, जेवणाच्या वेळी द्यावी, कारण अन्नासोबत ती चांगली शोषली जाते. भुऱ्याने तिन्ही वेळा भाकरी आणि दह्याबरोबर ती खाल्ली. पहिल्या दिवशी तो जरा सुस्त होता. त्यापलीकडे आमच्याकडे त्रास झाला नाही. मात्र ज्या कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील त्याच्याबाबत डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. फ्लुरालानेरच्या गटातल्या औषधांनी काही जनावरांत थरथर, तोल जाणे, झटके असे परिणाम दिसू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिलेला आहे. आणि एकदा दिलेली गोळी परत काढता येत नाही. तिचा अंमल आठवडेच्या आठवडे राहतो. हा तिचा गुण आहे आणि धोकाही.

पिसवांवरचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. गोचिडींच्या बाबतीत मात्र अपेक्षा नीट समजून ठेवावी. ही गोळी गोचिडीला दूर ठेवत नाही. गोचीड अंगावर चढते, चावते, औषध असलेले रक्त पिते आणि मग मरते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत मेलेल्या, सुकून चपट्या झालेल्या गोचिडी सापडत राहिल्या आणि घरच्यांना वाटले की गोळी वाया गेली. ती वाया गेलेली नव्हती. घरातल्या गोचिडी एकेक करून त्याच्या अंगावर येऊन मरत होत्या. परंतु चावल्यापासून मरेपर्यंतच्या काही तासांत रोगजंतू अंगात जाऊ शकतात, म्हणून केवळ गोळीच्या भरवशावर टिक फिव्हरपासून पूर्ण सुटका होईल असे मी म्हणणार नाही. शिवाय आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास आढळणाऱ्या तपकिरी गोचिडीसाठी या घटकाचा अंमल अमेरिकेतल्या माहितीपत्रकात बारा आठवडे दिलेला आहे, तर युरोपातल्या माहितीपत्रकात आठच आठवडे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या गोळीच्या दहाव्या आठवड्यात, भुऱ्याच्या छातीखाली मला एक अर्धवट फुगलेली जिवंत गोचीड सापडली. तेव्हापासून प्रत्येक गोळीच्या शेवटच्या चार आठवड्यांत मी रोज रात्री त्याचे अंग बोटांनी चाचपते. आधीच्या आठवड्यांत आठवड्यातून दोनदा पुरते.

आता घराविषयी, आणि या अनुभवातला सर्वांत मोठा भाग हाच आहे.

मार्चच्या शेवटी शेजारच्या काकू आमच्याकडे बसल्या होत्या. कूलरच्या खिडकीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “अगं, हे तीळ चालून राहिले का गं भिंतीवर?” मी उठून जवळ गेले. खिडकीच्या लाकडी चौकटीपासून छताकडे बारीक तपकिरी ठिपक्यांची रांग चालली होती. भिंग धरून पाहिले तेव्हा प्रत्येकाला सहाच पाय दिसले. ती नुकती अंड्यातून निघालेली गोचिडीची पिल्ले होती; आठ पाय त्यांना पहिले रक्त पिऊन कात टाकल्यावर येतात. चौकट आणि भिंत यांच्या फटीत टॉर्च मारला तर आत एरंडाच्या बीसारखी फुगलेली, राखी रंगाची एक मादी होती आणि तिच्यापुढे साबुदाण्याहून लहान, तपकिरी अंड्यांचा ढीग. एक मादी काही हजार अंडी घालते. तेव्हा मला कळले की भुऱ्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे एकूण संख्येतल्या थोड्याच, बाकीच्या सगळ्या भिंतीत राहतात.

तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाल्यावर कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि वर चढते. भिंतीच्या भेगा, पडद्यांच्या घड्या, दाराच्या चौकटी, फोटोफ्रेमच्या मागची बाजू, छताचा कोपरा अशा जागी ती कात टाकते किंवा अंडी घालते. पिसूचे उलटे आहे. पिसूची अंडी जनावराच्या अंगावरून गळून खाली पडतात आणि त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेडापासून दूर, खाली खाली जातात; सतरंजीच्या बुडाशी, सोफ्याच्या खाचेत, पलंगाखालच्या धुळीत. म्हणून एकाच फवारणीत दोन्हींचा बंदोबस्त होईल ही समजूत चुकीची आहे. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही बोलावलेल्या फवारणीवाल्याने फक्त फरशी आणि फरशीलगतची वीतभर भिंत फवारली, पैसे घेतले आणि गेला. आठ दिवसांत खिडकीवर पुन्हा तीळ चालू लागले. दुसऱ्या वेळी मी स्वतः उभी राहून चौकटी, पडदे लावायच्या पट्ट्या, छताचे कोपरे आणि अंगणातल्या भुऱ्याच्या पडवीचे छत आतून फवारून घेतले, आणि अडीच आठवड्यांनी तेच पुन्हा केले, कारण फवारणी अंड्यांना मारत नाही आणि अंडी उबून पिल्ले निघायला वेळ लागतो. फटी नंतर व्हाइट सिमेंटने बुजवल्या. माझ्या मते सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ काम हे सिमेंटचे झाले.

आणि कूलर. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा पिसूची शत्रू असते. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो (23 मे 2013 रोजी तो 47.9 अंशांवर गेला होता), दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते, आणि पिसूच्या अळ्या पस्तीस अंशांच्या वरच्या उष्म्यात किंवा निम्म्याहून कमी आर्द्रतेत तग धरत नाहीत. अंगणातली तापलेली माती त्यांना मारून टाकते. पण आपण घरात काय करतो? ओल्या ताट्यांमधून थंड, दमट हवा दिवसरात्र खोलीत सोडतो. बाहेर मरणाऱ्या पिसवांना आपणच आत सावली, गारवा आणि ओल देतो, आणि कुत्राही दिवसभर तिथेच, कूलरच्या समोर, सतरंजीवर पडलेला असतो. उन्हाळ्यात पिसवा उलट घरातच का वाढतात, याचे उत्तर मला या खोलीत मिळाले. कूलर बंद ठेवणे शक्य नाही, आणि तसा सल्ला कुणी देऊही नये. भुऱ्यालाही उष्माघात होतो. आम्ही इतकेच केले, की सतरंजी काढून टाकली, त्याला धुता येईल असे जाड सुती पांघरूण दिले, ते दर चौथ्या दिवशी कढत पाण्यात भिजवून नवतपाच्या (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) उन्हात गच्चीवर पसरले, आणि कूलरखालची गळणारी ओल रोज पुसली. ऊन हे फुकटचे औषध आहे आणि नागपूरला त्याची कमतरता नाही.

पिसवा आहेत की नाहीत हे ओळखण्यासाठी बारीक दातांची फणी फिरवून निघालेली काळी रवाळ घाण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. साधी माती काळीच राहते. पिसूची विष्ठा असेल तर भोवती तांबूस वलय पसरते, कारण ते पचलेले रक्त असते. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाल्यावर आमच्याकडे हे वलय दोनदा दिसले, तेही मनीच्या अंगावरून. व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याच्या खाचांतून आठवड्यातून तीनदा फिरवला. पिसूचे कोष फवारणीला दाद देत नाहीत, पण यंत्राच्या कंपनांनी आतल्या पिसवा बाहेर पडतात आणि मग सापडतात. त्यामुळे सुरुवातीचे दोन आठवडे पिसवा वाढल्यासारख्या वाटतात. तिथे हातपाय गाळू नयेत. चाटताना पिसू पोटात गेली तर त्यातून टेपवर्म होतो. मनीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तेव्हा तिला जंताचे औषधही द्यावे लागले.

मनीमुळे एक गोष्ट मी कळकळीने सांगते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले थेंब, पावडर किंवा शाम्पू मांजराला लावू नयेत. मांजराच्या यकृताला हे रसायन पुरेसे पचवता येत नाही आणि तिचा जीव जाऊ शकतो. कुत्र्याला असे थेंब लावले असतील तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये. अमिट्राझ या गोचीडनाशकाच्या बाटलीतले पाणीही मांजरासाठी नाही. भुऱ्याची गोळी अर्धी करून मनीला द्यावी, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. ते मी केले नाही. डॉक्टरांनी तिला मांजरांसाठीचे वेगळे थेंब दिले. भिंती फवारल्यावर त्या पूर्ण वाळेपर्यंत दोघांना गच्चीवरच्या खोलीत ठेवले, आणि पुतण्याची माशांची टाकी शेजारी नेली, कारण या फवारणीतली औषधे माशांना फारच घातक असतात.

घरगुती उपाय आम्ही सगळे करून पाहिले. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली की भुऱ्याची खाज दोन दिवस शमते, म्हणून ती अजून घालतो, परंतु त्याने गोचीड सुटत नाही. लसूण कुत्र्याला देऊच नये, तो त्याच्या तांबड्या पेशी फोडतो. कापूर चाटला गेला तर विषबाधा होते. घासलेटाने कातडी भाजते. चिकटलेली गोचीड काढायची तर चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ धरावे आणि न पिळता सरळ, सावकाश ओढावे. मग ती स्पिरिटच्या बाटलीत टाकावी, बोटांनी फोडू नये.

2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले, तेव्हापासून इकडे बरेच लोक त्याचा दोष कुत्र्याच्या गोचिडीला देतात. तो आजार गवतझुडपांतल्या चिगर माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीमुळे होतो. त्या भीतीपोटी कुणी आपला कुत्रा घराबाहेर काढू नये.

गोळी खिशाला जड आहे, हे खरे. पण गेल्या वर्षीच्या रक्ततपासण्या, सलाइन आणि महिनाभराची औषधे यांच्या बिलापुढे तीन गोळ्यांचा खर्च कमीच भरला. ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीत भुऱ्याच्या प्लेटलेट व्यवस्थित आहेत. पुढची गोळी 17 नोव्हेंबरला आहे आणि ती मी देणार आहे. थंडीत गोचिडींचा वेग मंदावतो, पण उपाशी गोचीड भिंतीत कित्येक महिने जगते आणि फेब्रुवारी तापू लागला की बाहेर येते.

गेल्या रविवारी कूलर उतरवले. ताट्यांचे गवत जाळून टाकले, टाक्या घासून उन्हात उलट्या घातल्या, आणि खिडकीच्या चौकटीमागे पुन्हा टॉर्च मारला. व्हाइट सिमेंटला एका जागी केसाएवढी चीर गेली होती. चिरेच्या तोंडाशी एक कात होती, रिकामी आणि वाळलेली. ती चीर त्याच दुपारी बुजवली.