एम४ मॅकबुक एअर: सायबरपंक चालतो, पोर्टल नाही!

स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे थेट गेमिंगवर येतो. माझा बेस मॉडेल, १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज. घेतला कामासाठीच, गेमसाठी मॅक घेतो कोण? पण जुलै २०२५मध्ये 'सायबरपंक २०७७' मॅकवर आला आणि स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलमध्ये विंडोजसाठी घेतलेल्या गेमवरच मॅकची आवृत्ती मिळाली. वर एक रुपया नाही! सेटिंग्ज बऱ्याच खाली आणाव्या लागतात. पंखा नाही, त्यामुळे थोड्या वेळाने मशीन तापतं आणि फ्रेम्स घसरतात. तरी खेळण्याजोगा चालतो.

आता पोर्टल. २००७चा गेम. २०१०मध्ये स्टीम मॅकवर आलं तेव्हा व्हॉल्व्हने (स्टीम आणि पोर्टल दोन्ही त्यांचेच) तो फुकट वाटला होता. आज तो या मशीनवर उघडतसुद्धा नाही. २०१९च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून ॲपलने जुन्या पद्धतीचे ३२-बिट प्रोग्राम बंद केले आणि व्हॉल्व्हने मॅकसाठी ६४-बिट आवृत्ती काढायची तसदी घेतली नाही. 'हाफ-लाइफ २'चंही तेच. मला काही रोज पोर्टल खेळायचा नाही, पण सायबरपंक झेपणाऱ्या मशीनला हा झेपू नये? लायब्ररीत त्याचं नाव दिसलं की डोकं फिरतं.

इथवर लिहून तीन स्टार देणार होतो. मग मॅकवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या क्रॉसओव्हर ॲपची ट्रायल टाकली, तर त्यात पोर्टलची विंडोज आवृत्ती झकास चालली. म्हणजे मॅकसाठी बनवलेला बंद, विंडोजसाठी बनवलेला चालू. धन्य आहे.

ॲपलचं गेमप्रेम श्रावणातल्या उन्हासारखं. १९९९मध्ये स्टीव्ह जॉब्जने मॅकवर्ल्ड परिषदेच्या मंचावर 'हेलो' हा गेम दाखवला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनीच विकत घेतली. आता क्रॉसओव्हर चालतं ते रोझेटाच्या, म्हणजे इंटेल चिपचे प्रोग्राम ॲपलच्या चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीच्या जिवावर; ती मॅकओएस २७पर्यंतच पूर्ण मिळणार. त्यानंतर काही जुन्या गेम्सपुरता तिचा थोडा भाग ठेवू, असं ॲपल म्हणते. त्या 'काही'त कोण कोण बसणार?

स्टोरेजचं म्हणाल तर एकटा 'बाल्डर्स गेट ३' १५० जीबी मागतो. ५१२ जीबीच्या मॉडेलला २०२५मध्ये २०,००० रुपये जास्त पडायचे; त्यापेक्षा बाहेरची एसएसडी लावा, स्टीम तिच्यावरूनही गेम चालवतं.

साडेतीन स्टार. क्रॉसओव्हरचं सेल लागल्यावर बघू. फुकट वाटलेल्या गेमसाठी पूर्ण किंमत मोजायला हात होत नाही.