औशातील एक लॅब आणि ०.८ ते १.३ मधले अंतर

एप्रिलमध्ये आमच्या आप्पांना लघवीच्या मार्गात संसर्ग झाला. कल्चरच्या (लघवीतील जंतू वाढवून कोणते औषध चालते ते पाहण्याच्या चाचणीच्या) अहवालात तोंडाने घ्यायच्या बहुतेक प्रतिजैविकांना जंतू दाद देत नसल्याचे दिसल्याने एका खासगी दवाखान्यात त्यांना अमिकासिनची इंजेक्शने सुरू झाली. अशा वेळी हे औषध उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु ते मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशींमध्ये साठत जाऊन साधारण पाच ते सात दिवसांनी त्यांना इजा करू शकते, म्हणून मध्येच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा टाकाऊ घटक) तपासावे लागते, हे आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही. गुडघ्यांसाठी आप्पांची डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळीही चालूच होती आणि ऐन उन्हाळ्यात ते पाणी बेताचेच पीत होते. या दोन्ही गोष्टींनी धोका वाढतो.

सहाव्या दिवशी केवळ मनाच्या समाधानासाठी आम्ही या लॅबमध्ये रक्त दिले. क्रिएटिनिन १.३ आले, म्हणजे छापील मर्यादेच्या आतच. लघवीही नेहमीसारखी होत होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त राहिलो असतो. पण संध्याकाळी लॅबचालकांनी स्वतः फोन केला : "उपचार सुरू होताना आप्पांचे ०.८ होते. पुढच्या इंजेक्शनआधी दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा." अहवालावर जुना आकडा नव्याशेजारी छापलेला होता आणि दोन्हींभोवती लाल पेनाने गोल केलेला होता. अंगावर मांस कमी असलेल्या वृद्धांचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, त्यामुळे मर्यादेत बसणारा आकडाही त्यांच्या बाबतीत दीडपटीहून अधिक वाढ दाखवत असू शकतो.

लातूरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अमिकासिन आणि डायक्लोफिनॅक त्याच रात्री बंद केले. तरीही चार दिवसांत आकडा १.९ वर गेला, कारण साठलेले औषध लगेच निघून जात नाही. मग उतरत उतरत पाचव्या आठवड्यात तो ०.९ वर आला. ऐकण्याची चाचणीही त्यांनी करून घेतली, कारण या औषधाने कानाला झालेली इजा बहुधा भरून येत नाही. आप्पांचे कान सुदैवाने शाबूत आहेत.

लॅब दोनच खोल्यांची आहे, पण आप्पांची शीर सहसा सापडत नसताना तिथल्या मुलीने पहिल्याच टोचणीत रक्त काढले. रविवारी लॅब बंद असते, ही मोठी अडचण आहे. अहवालात ईजीएफआरही (क्रिएटिनिन, वय वगैरेंवरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) छापत नाहीत. निदान साठीपुढच्या रुग्णांसाठी तरी तो छापावा, असे मी त्यांना सांगून आलो आहे.