बी.व्होक. अधिक चाकण: दोन सत्रं कंपनीत काढल्यावर

काल एकदाचा विद्यावेतनाचा सरकारी हिस्सा जमा झाला, म्हणून हे लिहायला बसले. महिनाभरापूर्वी लिहिलं असतं तर ते छापण्यासारखं राहिलं नसतं.

बी.व्होक. म्हणजे कौशल्यांवर भर देणारी पदवी आणि शिकाऊ उमेदवारी म्हणजे विद्यावेतन घेऊन कंपनीत शिकणं; बाकी माहितीपत्रकात मिळेल. माझं थोडक्यात एवढंच: विषय उत्पादन तंत्रज्ञान, पहिली दोन वर्षं पुण्यात कॉलेजात आणि तिसऱ्या वर्षाची दोन्ही सत्रं चाकणच्या एका कंपनीत. कंपनी गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पार्ट मशीन करते. नाव सांगत नाही, अजून तिथल्या सह्या घ्यायच्या आहेत.

आधी पैशांचं. वाचणाऱ्याला वाटेल ही बाई शिक्षणावर लिहायला बसली आणि साडेचार हजारांवर अडकली. हो, अडकले. चाकणला मेदनकरवाडीत कॉट बेसिसवर राहून बघा, तुम्हीही अडकाल.

पदवीच्या शिकाऊ उमेदवाराला 2019 च्या नियमांप्रमाणे महिन्याला किमान 9000 रुपये. त्यातले निम्मे केंद्र सरकार ‘नॅट्स’ या शिकाऊ उमेदवारीच्या योजनेतून देतं, थेट आपल्या खात्यात. उरलेले निम्मे कंपनीचे. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 36 टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे 9000 चे 12300. ती बातमी आमच्या ग्रुपवर फिरली तेव्हा सगळ्यांनी नाचणारे बाहुले टाकले. माझं नऊ हजारांतलंच अर्धं गायब होतं, मी अंगठासुद्धा टाकला नाही.

कंपनीचे पैसे वेळेवर यायचे, त्यातून कॅन्टीन आणि बस कापून. सरकारी हिस्सा येईच ना. एचआरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “तुमचं कॉलेज बघेल.” कॉलेजातले क्लार्क म्हणाले, “कंपनीने हजेरी चढवली का ते विचारा.” हजेरी चढवलेली होती. मुंबईला सायनच्या शिकाऊ उमेदवारी मंडळाला ईमेल केली. उत्तर आलं की पैसे गेलेले आहेत. गेलेले आहेत म्हणजे कुठे? माझं खातं तर रोज तेवढंच.

शेवटी बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं. खात्याला आधार जोडलेलं असलं म्हणजे झालं, असं नसतं. सरकारी पैसे आधार क्रमांकावर येतात, आणि एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) त्या क्रमांकापुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथे जाऊन पडतात. आधारच्या साइटवर लॉगिन केलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं. मी पाहिलं तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी नारायणगावात खातं काढलं होतं, ती बँक! पप्पांना पासबुक छापायला पाठवलं. अर्ध्या तासाने फोन: “अगं, ह्यात पैसे आहेत. कोणाचे आहेत?”

पैसे मिळाले, पण आनंद पुरता टिकू द्यायचा नाही असं बँकेने ठरवलेलं असावं. एसएमएसचे पैसे कापले होते, आणि इतक्या महिन्यांत एसएमएस मात्र एक नाही. त्यातही मधल्या एका महिन्याचा हिस्सा आलाच नव्हता, कारण त्या महिन्याची हजेरी कंपनीने उशिरा चढवली. काल आला तो हाच. करारावर सही करायच्या आधी ते सीडिंग स्टेटस बघून ठेवा, कोणीही सांगणार नाही. दोन दिवसांच्या इंडक्शनमध्ये आम्हाला आगीचा बंब कसा चालवायचा ते शिकवलं, कंपनीचं ध्येयवाक्य पाठ करून घेतलं, हे कोणी बोललं नाही.

आता काम. पहिले काही आठवडे मला पॅकिंगला उभं केलं. ट्रेमध्ये पार्ट, मध्ये फोम, वर लेबल, पुढचा ट्रे. कंत्राटी पोरं गावी गेली होती सुगीला, त्यांची जागा आम्ही भरली. प्रशिक्षणाच्या आराखड्यात त्या काळात ‘मापन व गुणवत्ता साधने’ लिहिलेलं. लॉगबुकमध्ये मी काय लिहायचं? आमच्यातल्या एकाने खरं लिहिलं, “पॅकिंग केले”. कॉलेजच्या सरांनी त्याला ते बदलून आणायला लावलं. शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या 18 व्या कलमात स्पष्ट आहे की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नाही. त्यामुळे पीएफ नाही, कामगारांचे कायदे लागू नाहीत. पण लाइन अडली की तोच प्रशिक्षणार्थी कामगारापेक्षा जास्त कामगार होतो. तेव्हा मी या सगळ्याला पाचपैकी एक तारा दिला असता, तोही कॅन्टीनच्या मिसळीला.

मग मला क्वालिटीला, म्हणजे पार्टची मापं तपासायला टाकलं आणि मत बदलायला सुरुवात झाली.

पार्टमध्ये पन्नास मिलिमीटरचं एक बोअर, म्हणजे गोल भोक होतं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. एप्रिलातली दुपार, दुसरी पाळी नुकतीच सुरू झालेली. मशीनवरून पार्ट निघाला, मी उचलला, एअर गेज (हवेच्या दाबावर भोकाचं माप दाखवणारं साधन) लावलं, रीडिंग वरच्या मर्यादेच्या पलीकडे. मी लगेच बाद पार्टच्या लाल ट्रेकडे निघाले. मशीनवरचे काका म्हणाले, “थांब गं बाई, गार तर होऊ दे.” पार्ट पंख्याखाली ठेवला, चहा पिऊन आलो, परत मापलं. मापात बसला! काकांनी काही समजावलं नाही, ते पुढच्या पार्टकडे वळले. हिशोब मी रात्री रूमवर केला. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन प्रसरण पावतं. पन्नास मिलिमीटरला दहा अंशांचा फरक म्हणजे अकरा-साडेअकरा मायक्रॉन. मी जेवढ्याने रिजेक्ट करत होते, जवळपास तेवढाच.

हा आकडा मला बारावीपासून पाठ होता. परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. तो हाताला पहिल्यांदाच लागला, अगदी शब्दशः, कारण पार्ट गरम लागत होता. सीएमएमची (पार्ट बारकाईने मापणाऱ्या मशीनची) खोली कायम 20 अंशांवर का ठेवतात, तेही तेव्हा कळलं. जगभर मापाचं संदर्भ तापमान तेच धरतात. तोवर मला वाटायचं की साहेब लोकांना एसीत बसायचं असतं. आता मीही कारण काढून तिथे जाते. शिवाय तिथे कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा वास येत नाही. पहिल्या पाळीहून रूमवर गेल्यावर मैत्रीण दार उघडायच्या आधी ओळखायची की मी आले.

दुसरं सत्र मग वेगळं गेलं. कंपनीतल्या क्वालिटीच्या सरांनी एक रिजेक्शनचा चार्ट माझ्याकडे दिला, रोज भरायचा, कारण शोधायचं. पाळी बदलताना रिजेक्शन का वाढतं ते मी शोधलं (इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती देण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी), आणि सकाळच्या मीटिंगमध्ये ते मांडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ऑफसेटचं एक पान मशीनवर चिकटलं. कॉलेजच्या दोन वर्षांत माझं लिहिलेलं काही कुठे चिकटलं नव्हतं.

कॉलेजबद्दल आता थोडं कडू. आठवडाभर कंपनी आणि शनिवारी लेक्चर, तेही ऑनलाइन. म्हणजे सरांचा आवाज आणि आमचे बंद कॅमेरे. अर्धी मुलं कंपनीच्या बसमध्ये तळेगाव चौकात अडकलेली असतात, तिथून लेक्चर ऐकतात. पुणे–नाशिक रस्त्यावरचा तो चौक ज्याला माहीत आहे त्याला कळेल की दोन लेक्चरं सहज होतात. कॉलेजचे समन्वयक कंपनीत आले, सही केली, गेटजवळ फोटो काढला आणि गेले. शॉपवर, म्हणजे आत मशीनपाशी आले असते तर काकांशी तरी भेट झाली असती. कंपनीला कॉलेज काय शिकवतं माहीत नाही, कॉलेजला कंपनी काय करून घेते माहीत नाही. दोघांच्यामध्ये माझं लॉगबुक, आणि ते दोघंही फक्त शेवटचं पान उघडतात.

हे जर्मनीत कसं चालतं ते इंडक्शनच्या स्लाइडवर होतं, म्हणून नंतर वाचलं. सत्तरच्या दशकात श्टुटगार्टला डायम्लर-बेन्झ, बॉश वगैरे कंपन्यांनी राज्याबरोबर हे सुरू केलं. तेच 2009 पासून बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याचं दुहेरी शिक्षणाचं विद्यापीठ. तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं आलटून पालटून तीन वर्षं. आणि वर्गाच्या महिन्यांतही कंपनी पगार देते! आमच्याकडे तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं कंपनीत, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. कॉलेजात असताना पैसे शून्य, फी मात्र चालू. माझ्यासाठी तो तीन महिन्यांचा पाळणा जास्त बरा झाला असता. काकांनी पार्ट गार करायला लावल्यावर लगेच वर्गात जाऊन प्रश्न विचारता आला असता. आमचा तो धडा दीड वर्ष आधीच ‘झालेला’ होता.

हे इथपर्यंत लिहिलेलं रूममेटला वाचायला दिलं. ती दुसऱ्या कंपनीत. तिला हातात बारा हजार मिळतात, सगळे वेळेवर, आणि ती वर्षभर पॅकिंगलाच आहे. म्हणाली, “तुझ्या काकांना माझ्या लाइनवर पाठव.” त्यावर माझ्या साडेचार हजारांचा राग थोडा उतरला. थोडाच.

नातेवाइकांसाठी: पदवी खरी आहे. यूजीसीच्या 2014 च्या पदव्यांच्या यादीत बी.व्होक. आहे. आमच्या मामांना तरी ती ‘आयटीआयसारखं काहीतरी’ वाटते, आणि वर आयटीआयला काय कमी समजता ते त्यांनाच विचारावं. आजी मात्र लगेच म्हणाली, “म्हणजे कर्मवीर अण्णांचं कमवा नि शिका.” तसंच आहे आजी, फक्त अण्णांच्या पोरांना आधार सीडिंग करावं लागत नव्हतं.

नोकरी मिळेल का? करारात तशी हमी नाही, कायद्यानेही नाही. आमच्या बॅचला कंपनीने अजून काही सांगितलेलं नाही. क्वालिटीच्या सरांनी मला सीएमएमवर आणखी काही महिने थांबायचं का विचारलंय, नव्या करारावर. मी हो म्हणणार आहे, पण आराखड्याचं पान आधी हातात घेऊन. पहिल्या वेळी ते पान एचआरच्या फायलीत होतं आणि मला त्याची प्रत सप्टेंबरात, मागून मागून मिळाली. कुठल्या महिन्यात कुठल्या विभागात, सांगणारा माणूस कोण, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी भरपगारी की बिनपगारी, हे त्यावर लिहिलेलं असतं किंवा लिहून घेता येतं. मुलींनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: दुसऱ्या पाळीची बस दारापर्यंत सोडते की चौकात, आणि शॉपवर लेडीज टॉयलेट आहे की ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालावं लागतं. आमच्याकडे चालावं लागतं, आणि पावसाळ्यात मधल्या पत्र्याखालून गळतं.