अप्रेंटिसचं एक वर्ष: पुण्याची कंपनी की जळगावचा बिल्डर?

भाचा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पास झाल्यावर एक वर्ष डेव्हलपरकडे काढायचं हे ठरलंय, पण कुठे यावर घरात दोन महिने खल चाललाय. हातात दोन जागा आहेत. एक पुण्यातली मोठी कंपनी, दुसरा जळगावात लेआऊट, म्हणजे जमिनीचे प्लॉट, पाडून त्यातच एखाद-दोन अपार्टमेंट उभ्या करणारा ओळखीचा बिल्डर. ताई म्हणते, "जाऊ दे पुण्याला." दाजी म्हणतात, "घरची भाकर खाऊनबी शिकता येतं." मी हे वर्ष जळगावात काढलं आणि पुढे चार वर्षं पुण्यात नोकरी केली, म्हणून निकाल माझ्याकडे आला.

पुण्यात नियम कडक आणि आपल्याकडे सगळं ढिलं, हा समज आधी काढून टाकतो. बांधकामाची एकत्रिकृत नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली आणि पुणे, नाशिक, जळगाव, धुळे सगळे तिच्यातच आहेत. महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, तर 2017 पासून आहे, आणि त्याचे नियम प्लॉटच्या लेआऊटलाही लागतात. पुस्तक तेच. फरक एवढाच, की त्यातली कोणती पानं अप्रेंटिसच्या हाताखालून जातील.

पुण्याच्या कंपनीत काम वाटून दिलेलं असतं. क्वालिटीत टाकलं तर वर्षभर गेटवर आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाडीचा स्लम्प (काँक्रीट किती पातळ-घट्ट ते) बघायचा, ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब भरायचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल वहीत चढवायचे. बिलिंगला टाकलं तर ठेकेदाराची मापं तपासायची. ॲल्युमिनियमच्या शटरिंगवर चढणारा टॉवर म्हणजे एकच मजला वीस वेळा. कंटाळा येतो, पण हात पक्का बसतो. सळईचं शेड्यूल, सेफ्टी, कागद ठेवायची शिस्त, हे तिथे कुणीतरी बसवून शिकवतं. आपल्याकडे शिकवायला कुणी बसत नाही. मात्र ती जमीन कुणाची होती, कितीला घेतली, कुठल्या वारसाने अडवून धरली होती, हे कंपनीतल्या चारच माणसांना ठाऊक असतं आणि अप्रेंटिस त्या चारांत नसतो.

जळगावात पहिल्या आठवड्यात माझ्या हातात सळई नव्हती, सातबारा होता. फेरफार काढ, आठ-अ बघ, इतर हक्कात कुणा बहिणीचं नाव राहिलंय का बघ, जमीन वर्ग दोनची तर नाही ना बघ. वर्ग दोन निघाली तर परवानगीशिवाय विक्री नाही. नंदुरबारकडे साइट असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघायची: जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला ती तशी घेताच येत नाही. हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं. वकिलाच्या ओट्यावर बसून कळलं.

मोजणीचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. चैत्र, गहू निघून गट मोकळा झालेला. भूकरमापकाने रोव्हर, म्हणजे मोजणीचं यंत्र, उभा केला, दोन खुणा दिल्या, आणि शेजारचे आबा काठी टेकत आले. "हाऊ बांध मना बापना शे," हा बांध माझ्या बापाचा आहे, एवढंच बोलले आणि बांधावर बसून घेतलं. हद्द बांधापासून चार फूट आमच्या बाजूला आत निघाली. दोनशे फूट लांबी, म्हणजे पाऊण गुंठा कमी. पाऊण गुंठ्याने काय होतं? आमचा कडेचा नऊ मीटरचा रस्ता बसेना. रस्ता सरकवला तर प्लॉटची एक ओळ अरुंद, ओळ सांभाळली तर दहा टक्के ओपन स्पेसला धक्का. आर्किटेक्टने नकाशा पुन्हा काढला, मंजुरीची फाईल मागे आली आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर बुकिंग सुरू करायचं राहून गेलं. रस्ते आणि ओपन स्पेस वजा जाता एकरातून विकायला किती उरतं, ते त्या दिवशी कळलं.

बांधकामातही आपल्याकडचा एक धडा पुण्यात मिळायचा नाही, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी काँक्रीट टाकायची सोय नाही, म्हणून स्लॅब रात्री. खडी आदल्या दिवशी भिजवायची, पाण्याच्या टाकीवर गोणपाट, आणि सकाळी स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे बांधून पाणी भरायचं. आमचा मिस्त्री केळीवाला शेतकरी, वाफे त्याला सांगावे लागले नाहीत. पाणी किती दिवस यावर मात्र रोज भांडण. उष्ण-कोरड्या हवेत आयएस 456, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, किमान दहा दिवस सांगतं, मिश्र सिमेंट असेल तर चौदा, आणि टँकरचं बिल भरणारा मालक म्हणतो पाचात भागव. पायाचंही तसंच. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं.

आता वाईट बाजू. पहिले तीन महिने मला स्टायपेंड मिळाला नाही. मालकाच्या घरच्या बँकेच्या चकरा, मुलाची फी, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं माझ्याकडे. वर्ष संपल्यावर दाखला मागितला तर लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या, त्याही मीच टाईप केलेल्या. पुण्यात मुलाखतीला त्या कुणी वाचल्यासुद्धा नाहीत. कंपनीचं नाव असतं तर हा त्रास नव्हता. उलट पुण्यात कॉट बेसिसची खोली आणि मेस यांतच स्टायपेंड जातो, हे ताईला वहीत मांडून दाखवलं.

भाच्याला विचारलं, तुला इंजिनिअर व्हायचंय की बिल्डर? प्लॅनिंग, क्वालिटी, मोठ्या कंपनीतली नोकरी हवी असेल तर पुणे, डोळे झाकून. पण दाजींची पाळधीकडची चार एकर आज ना उद्या लेआऊटला जाणार आणि ती यालाच बघायचीय. मग माझं मत जळगाव, दोन अटींवर. पहिली, बिल्डरने केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत, म्हणजे नॅट्सवर, त्याची रीतसर नोंद करावी. किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा सरकार उचलतं, त्यामुळे त्यालाही जड नाही, आणि प्रमाणपत्र लेटरहेडवर लटकत नाही. दुसरी, एका प्रकल्पाची महारेराची फाईल सुरुवातीपासून त्याच्या हातात हवी. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात राहतात, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या सह्यांशिवाय त्यातून उचल होत नाही. ही उचल एकदा स्वतः मांडून बघितली की धंदा कुठे अडकतो ते दिसतं.

दाजींनी काल बिल्डरला फोन लावला. पहिल्या अटीला तो लगेच हो म्हणाला. फाईलचं ऐकून जरा थांबला आणि म्हणाला, "सोमवारी पाठवा भो पोराला, मोजणी आहे. सातला. टोपी घालून ये म्हणा."